दादांचा तुटणारा आवाज

गेल्या दिवाळीला वहीपूजनासाठी आणलेल्या वह्यांपैकी एक वही या वर्षी पेढीवर गेलीच नाही. लाल कापडी बांधणी तीच, पाने तीच. पण तिच्यात ना रोकड लिहिली गेली, ना उधारी. पहिल्या पानावर मी लिहिले, ‘आवाज तुटल्याची नोंद’. मुनीमजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते आपल्या कामाला लागले. त्या वहीची हकीकत या वेळच्या सदरात सांगावी असे योजिले आहे. सुज्ञ वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी दूरदेशी आहे; तेव्हा जिवाभावाच्या माणसाचा आवाज मध्येच तुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, त्यांना तरुणपणापासून हौशी बिनतारी केंद्राचा, म्हणजे हॅम रेडिओचा, छंद आहे. दिग्रसला खाली दुकान आणि वर घर अशी आमची जुनी वास्तू. तिच्या गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये वीस मीटर लांबीची तांब्याची तार ताणलेली आहे. हीच त्यांची अँटेना. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळतो, परवान्याबरोबर जगात दुसऱ्या कोणाचा नसेल असा एक संकेतनाम-क्रमांक मिळतो, आणि मग ठरवून दिलेल्या लहरींवर बोलण्याचा अधिकार येतो. त्यातून व्यापार करायचा नाही, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत गुपिते बोलायची नाहीत. बोलायचे ते उघड आणि साध्या भाषेत. हे ऐकून दुकानात येणारे काहीजण विचारतात, ‘मग उपयोग काय?’ त्यांना दादा २००४ सालची गोष्ट सांगत. त्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि छंदासाठी नेलेल्या त्याच यंत्रांवरून अंदमानातील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. कच्छच्या भूकंपातही, २००१ साली, हौशी मंडळींनी असेच काम केले होते.

दादांचा स्वतःचा उपयोग मात्र याहून साधा होता. रोज सकाळी सात वाजता ४० मीटरच्या पट्ट्यावर निरनिराळ्या गावांची दहा-पंधरा मंडळी जमतात. (अशा नियमित मेळाव्याला त्या जगात ‘नेट’ म्हणतात, इंटरनेटशी त्या शब्दाचा संबंध नाही, म्हणून मी मेळावाच म्हणेन.) भारतात हौशी लोकांसाठी हा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. सकाळच्या वेळी या लहरी आकाशात दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरील विद्युत्भारित थरावर आपटून खाली येतात आणि तीन-चारशे किलोमीटरवरचा मित्र शेजारच्या ओट्यावर बसल्यासारखा बोलतो. चाळीस वर्षांत दादांनी हा मेळावा क्वचितच चुकविला असेल.

दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि जीभ, दोन्ही जड झाले. उपचारांसाठी त्यांना पुण्याला मुलाकडे नेले, आणि पुढे वहिनींसह ते तिथेच राहिले. हळूहळू बोलणे परत आले. पण सावकाश, शब्दाशब्दात थांबून. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले, रोज बोलायला लावा, आणि घरच्यांशीच नव्हे, परक्यांशीही. पुतण्याला लगेच रेडिओ आठवला. परंतु दहाव्या मजल्यावरच्या सदनिकेत तार कुठे ताणणार? गृहनिर्माण संस्थेने नियमावर बोट ठेवले. शिवाय शहरात दिव्यांच्या, इन्व्हर्टरच्या आणि चार्जरच्या खरखरीखाली दूरचा क्षीण आवाज बुडूनच जातो.

तेव्हा युक्ती निघाली ती अशी. यंत्र आणि तार दिग्रसलाच राहावी, दादांनी पुण्यात बसून माइकवर बोलावे. आवाज इंटरनेटने दिग्रसला यावा, तेथून लहरींवर जावा, आणि मित्रांचा आवाज उलट वाटेने पुण्याला पोचावा. माझ्याकडेही परवाना आहे, म्हणून मेळाव्याच्या वेळी यंत्रापाशी मी बसणार हे ठरले. ज्यांना असे काही करावयाचे आहे त्यांनी आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला आपल्या मांडणीविषयी लेखी विचारावे. परवान्यावर केंद्राचा पत्ता लिहिलेला असतो, आणि कागद पक्का नसताना सौदा करण्याची सवय आपल्याला नाही.

पहिले चार दिवस घरात सण होता. पाचव्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. ‘दादा, मधले शब्द गेले, पुन्हा सांगा.’ पुन्हा सांगताना पुन्हा तुटे. मित्र सज्जन, ते ‘हवामान बरे नाही’ म्हणून सावरून घेत. दोन आठवड्यांनी दादा माइकवर फक्त हजेरी देऊ लागले, आणि एके दिवशी तीही दिली नाही. संध्याकाळी फोनवर मला म्हणाले, ‘खरे सांग. तुटते ते तुझे इंटरनेट की माझी जीभ?’

मी म्हणालो, ‘दादा, इंटरनेट.’ पण माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी का? माझ्याजवळ पुरावा नव्हता. सावकाश बोलणाऱ्या माणसाच्या दोन शब्दांमधली शांतता आणि वाटेत हरवलेला शब्द, या दोहोंतला फरक ऐकणाऱ्याला कळत नाही. बोलणाऱ्याला तर मुळीच कळत नाही.

वही सुरू झाली ती त्या रात्री.

व्यापाऱ्याला हिशेबात तूट दिसली की तो आधी नोकरावर संशय घेत नाही. आधी नोंदी पाहतो. मी तीन रकाने आखले: वेळ, कोण बोलत होते, आणि तुटणे कसे होते, म्हणजे लांब, छोटे की नुसती टिचकी. पुतण्याला सांगितले की पुण्यात माइकपाशीच दादांचे बोलणे मुद्रित करायचे. दिग्रसला पोचलेले बोलणे मी मुद्रित करीन. रविवारी दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून दादांना ऐकविली. पुण्याच्या मुद्रणात वाक्य पूर्ण होते. सावकाश, पण एकही अक्षर न गाळता पूर्ण. दिग्रसच्या मुद्रणात त्याच वाक्याला तीन भोके होती. दादांनी पहिले मुद्रण दुसऱ्यांदा लावायला सांगितले, आणि मग तिसऱ्यांदा. नंतर म्हणाले, ‘आता शोध. मी सोमवारपासून येतो.’

मी पहिली चूक केली ती बहुतेकांची असते: मोठी योजना घेतली. आवाजाला इतकी रुंद वाट लागतच नाही. संगणक बोलणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या, तुकड्यांत कापतो आणि दाबून लहान करतो. २०१२ साली प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही पद्धत त्यासाठी फार चांगली आहे. हौशी मंडळींत आवडते असलेले ‘मम्बल’ तीच वापरते. तिच्यात सेकंदाला २४ हजार बिटांत माणूस स्वच्छ ऐकू येतो. शंभर मेगाबिटच्या वाटेवर ही एखादी सायकल आहे. एखादा तुकडा हरवला तर ओपस आजूबाजूच्या तुकड्यांवरून अंदाज करून भोक बुजवते आणि कानाला पत्ताही लागत नाही. पंधरा तुकडे सलग हरवले तर मात्र ३०० मिलिसेकंद गेले, आणि तेवढ्यात एक शब्द जातो. म्हणून ‘सरासरी एक टक्का तुकडे हरवतात’ या वाक्याला काही अर्थ नसतो. ते विखरून हरवतात की एकगठ्ठा, हे पाहावे लागते.

खरे दुखणे उशिराचे असते. आपल्या दुकानात रोज दहा पोती माल खपतो असे समजा. गाडी कधी वेळेवर येते, कधी दोन दिवस मागे पडते, कधी दोन गाड्या एकदम उभ्या राहतात. महिन्याचा हिशेब केला तर माल पुरेसा आला. पण बुधवारी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले. म्हणून शहाणा व्यापारी मागच्या खोलीत दोन दिवसांचा साठा ठेवतो. आवाजाच्या प्रोग्राममध्ये हाच साठा असतो, त्याला बफर म्हणतात. आलेले तुकडे तो लगेच वाजवीत नाही. थोडे जमू देतो आणि मग एका चालीने सोडतो. आमचा साठा ४० मिलिसेकंदांचा होता. मी तो १२० केला, तुटणे कमी झाले. ३०० केला, आणखी कमी झाले. पण साठा वाढविला की भांडवल अडकते, आणि इथे अडकतो तो वेळ. घरच्या फोनवर दोघेही मध्येच बोलतात, तिथे एवढा उशीर त्रासदायक होईल. रेडिओवर एकजण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, ‘ओव्हर’ म्हटल्यावर दुसरा बोलतो. म्हणून थोडा उशीर खपून जातो. तरीही साडेसातच्या सुमारास ३०० मिलिसेकंदांचा साठाही रिकामा पडे.

साडेसातच का? वहीच्या पहिल्या रकान्याने हे विचारले. दहा दिवसांच्या लांब तुटण्यांपैकी बहुतेक ७.३० ते ७.४५ या वेळातली. पुणे आणि दिग्रस यांमधले अंतर सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरांच्या आत. काचेच्या तंतूतून प्रकाश ते अडीच मिलिसेकंदांत कापतो. प्रत्यक्षात संदेश मोठ्या शहरांना वळसा घालून जातो, तरी पिंग करून पाहिले तर जाऊन-येऊन ३५-४० मिलिसेकंद. फक्त साडेसातला तोच आकडा ८०० च्या वर जाई. मी इंटरनेट देणाऱ्यांना दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा रागाने केला. त्यांचा मुलगा आला, तपासून गेला, ‘लाइन उत्तम आहे’ म्हणाला. मला ते पटले नाही. पण त्याचे बरोबर होते.

साडेसातला आमचा गडी खाली दुकानाचे शटर उघडून झाडलोट करतो. दुकानात आणि गोदामात मिळून चार कॅमेरे आहेत. हालचाल दिसली की ते चित्रण घेऊन लगेच दूरच्या साठवणीकडे पाठवू लागतात. माझ्या योजनेत खाली येणारी वाट शंभर मेगाबिटची असली तरी वर जाणारी फक्त दहाची होती, हे मी बिलावर कधी पाहिलेच नव्हते. चारही कॅमेरे एकदम पाठवू लागले की राउटरच्या दारात गाड्यांची रांग लागे. तिथे एक मेगाबाइट माल तुंबला तर दहा मेगाबिटच्या वाटेने तो बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात, आणि मित्रांच्या आवाजाची बिचारी सायकल त्या रांगेच्या शेवटी उभी राही. चोर पकडण्यासाठी लावलेले कॅमेरेच दादांच्या कानाशी येणारे शब्द चोरीत होते.

उपाय स्वस्त निघाला. राउटरमध्ये प्राधान्याची सोय असते. वर जाणाऱ्या एकूण वाटेला ८.५ मेगाबिटांची मर्यादा घातली, म्हणजे रांग लागलीच तर ती आपल्या ताब्यातल्या दारात लागावी. आणि त्या दारात आवाजाला पहिला मान दिला. कॅमेऱ्यांचे चित्रण आता दुकानातल्याच यंत्रात साठते आणि रात्री वर जाते. साठा पुन्हा १२० वर आणला. पुण्याच्या बाजूला वायफायच्या दोन भिंती आड येत होत्या. सूनबाईंनी एका दुपारी भिंतीच्या कडेने केबल ओढून घेतली, तो प्रश्न तिथेच संपला.

पण मी आतापर्यंत एक गोष्ट दडवून ठेवली आहे. कॅमेऱ्यांमुळे तुटत होते ते मुख्यतः दिग्रसहून पुण्याला जाणारे, म्हणजे दादांनी ऐकायचे बोलणे. शब्द न कळल्याने ते उत्तर चुकत, गोंधळत, आणि मित्रांना वाटे की त्यांना सुचत नाही. दादांचे स्वतःचे बोलणे तुटत होते ते वेगळ्या कारणाने, आणि ते दुसऱ्या रकान्यात दिसले: ती भोके फक्त दादा बोलत असतानाच. मी यंत्राची शक्ती ५० वॅटवरून १० वर आणली, भोके नाहीशी. मग अँटेना काढून तिच्या जागी लहरी बाहेर न सोडता नुसती उष्णता करणारा कृत्रिम भार जोडला आणि पुन्हा ५० वॅट दिले. तरीही भोके नाहीत. याचा अर्थ यंत्र ठीक, संगणक ठीक. घात करीत होती ती डोक्यावरची तार. प्रक्षेपणाच्या लहरी केबलच्या बाहेरच्या अंगावरून खोलीत उतरत आणि यंत्र व संगणक यांना जोडणाऱ्या यूएसबीच्या वायरीत शिरत. संगणकाला ध्वनिपट्टी क्षणभर दिसेनाशी होई, आणि तेवढा शब्द हवेतच राही. यूएसबीच्या वायरीला दोन्ही टोकांना फेराइटच्या कड्या लावल्या, अँटेनाच्या केबलचे काही वेढे फेराइटच्या मोठ्या वलयातून काढले. खर्च सातशे रुपयांच्या आत. हे दुखणे इंटरनेटचे नव्हते. आणि मी मात्र महिनाभर इंटरनेटवाल्याशी भांडत होतो.

आता वहीत लांब तुटणी उरली नाहीत. उरली ती एक बारीकशी टिचकी. तिच्याकडे मी दुर्लक्षच केले असते, पण मुनीमजींनी एकदा पाण्याचा पेला ठेवताना पान पाहिले: ७.०४, ७.११, ७.१७, ७.२४, ७.३१. म्हणाले, ‘शेठ, हे तर हप्त्यासारखे दिसते.’ खरोखरच, दर चारशे सेकंदांनी एक हप्ता. वाटेवरचा गोंधळ असा घड्याळ लावून येत नाही. नियमित येते ते घड्याळामुळेच येते. दिग्रसची ध्वनिपट्टी आणि पुण्याची ध्वनिपट्टी, दोघीही सेकंदाला ४८ हजार नमुने मोजतो असे म्हणत. पण दिग्रसची तेवढ्या वेळात दोन-अडीच कमी भरी. दिवसाला सव्वाचार सेकंद मागे पडणाऱ्या मनगटी घड्याळाला आपण उत्तमच म्हणू. ही तूट तेवढीच. मात्र दर सेकंदाला २.४ नमुन्यांची तूट चारशे सेकंदांत ९६० वर जाते, आणि ९६० नमुने म्हणजे बरोबर २० मिलिसेकंदांचा एक तुकडा. साठ्यातले एक पोते कमी भरले की टिचकी. दोन घड्याळांमधली तफावत सतत मोजून नमुने किंचित ताणण्याची सोय असलेला प्रोग्राम घेतला आणि हप्ते बंद झाले. मुनीमजींना हे समजावून सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले की, तराजू दोन असले की असे व्हायचेच.

शेवटची तक्रार मित्रांनी हसत सांगितली. दादा बोलणे संपविताना आपल्या केंद्राचे गाव सांगतात, आणि मंडळींना रोज ‘दिग्’ एवढेच ऐकू येई. कारण साधे होते. बोलण्याचे बटण सोडल्याचा हुकूम लगेच पोचे, आणि त्या आधी बोललेला शेवटचा शब्द अजून साठ्यात रांगेत असे. यंत्र त्याच्या तोंडावर दार लावी. प्रोग्राममध्ये हुकूम ३०० मिलिसेकंद उशिरा पाळण्याची नोंद केली. गाव पूर्ण झाले.

दोन-तीन गोष्टी काळजीच्या आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. जोडणी प्रक्षेपणाच्या ऐन मध्ये तुटली तर यंत्र उघड्या नळासारखे लहरी सोडीत राहील आणि इतरांची वाट अडवील. म्हणून यंत्रात तीन मिनिटांची मर्यादा घातली आहे, आणि पुण्याहून दोन सेकंद काही खूण आली नाही तर प्रक्षेपण आपोआप थांबते. राउटर आणि संगणक बॅटरीवर आहेत, कारण आपल्याकडील वीज कोणाला विचारून जात नाही. मे-जूनमध्ये ढग जमू लागले की अँटेनाची केबल हाताने काढून खोलीबाहेर ठेवावी लागते. विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसे जातात. हे काम इंटरनेटवर सोपविण्यासारखे नाही. ते मी करतो, आणि मी गावाला गेलो तर मेळाव्याला आमची रजा असते.

दादांचे बोलणे अजून सावकाशच आहे. पण आता थांबले तर ते थांबले आहेत, हे सर्वांना कळते आणि सारे वाट पाहतात. परवा त्यांनी नाशिकच्या एका नव्या मुलाला अँटेना कशी ताणावी हे अकरा मिनिटे समजावून सांगितले; तीन मिनिटांच्या मर्यादेमुळे यंत्र मध्ये तीनदा थांबले आणि ते तीनदा चिडले. वहीत त्या दिवशी एकच नोंद आहे: ‘७.४२, वीज गेली, बॅटरीवर आले, तुटले नाही.’

मेळावा संपल्यावर, निरोपाचा ‘७३’ देऊन झाल्यावर, पुण्याहून त्यांनी मला थांबविले. ‘उत्तरेकडची दोरी सैल झाली का रे? तुझ्या तिथला एसडब्ल्यूआरचा काटा कालपासून वर चढलेला दिसतोय.’

मी म्हणालो, ‘दादा, कालच पाहिली, घट्ट आहे.’

‘पुन्हा पाहा.’

गच्चीवर गेलो. बांबूची गाठ हातभर खाली सरकली होती.